तांब्याची नळी

"तांबं का चालणार नाही, उस्ताद? मला एक कारण सांगा."

परशा घागनं विचारलं ताठ मानेनं, पण हात मात्र फडक्याला पुसत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाला होता. स्वच्छ हात पुसत बसणाऱ्या माणसाच्या मनात काय चाललंय ते वेगळं सांगायला नको.

उस्ताद हसनमियाँ फळकुटावर बसून पाना घासत होते.

"गंजत नाही. हातानं वाकतं. तोंडाची कडा तर अशी सुरेख वळते! फ्रीजवाले हीच नळी घालतात."

"फ्रीजमध्ये चालते."

"मग?"

"फ्रीज घाट उतरत नाही."

घाटमाथ्यावर रस्त्याच्या अलीकडे उस्तादांचं गॅरेज, पलीकडे परशाचं. परशा उस्तादांच्याच हाताखाली शिकला. आता शिकून झालं, हे त्याचं त्यानंच ठरवलं आणि रस्ता ओलांडून मोठी पाटी लावली. लावेना का. पण त्या घाटाची एक रीत होती. ब्रेकचं काम कुणीही करो, उस्तादांनी बॉनेटवर पंजा टेकल्याशिवाय कुठलाही ड्रायव्हर गाडी खाली घालत नसे. म्हणून परशाला लहू ड्रायव्हरची वडापची, म्हणजे माणसं भरून नेणारी, जीप अलीकडे आणावी लागली होती. नाहीतर कशाला येतोय तो!

जीपच्या मागच्या चाकांकडे जाणारी ब्रेकची नळी गंजून फुटली होती. तिथं पोलादाची दोन पदरी नळी लागते. ती परशाकडे नव्हती. त्यानं फ्रीजवाल्याच्या वेटोळ्यातली तांब्याची कापली आणि घातली.

समोर टपरीवर जीपची माणसं खोळंबली होती. बाजार करून खाली गावाला निघालेली. बाया, बोचकी, पाय बांधलेला एक कोंबडा.

"उस्ताद, टेका की हात!" लहू टपरीवरून ओरडला. "काळोखाच्या आत खाली पोचायचंय. म्हाताऱ्या माझं डोकं खातायत!"

"तुझ्या डोक्यात खाण्यासारखं आहे काय मेल्या?" एक म्हातारी म्हणाली. बाकीच्या हसल्या.

परशा हसला नाही.

"पोलादाची नळी कुठं मिळते?" उस्तादांनी विचारलं.

"कराडला. उद्या सकाळच्या एसटीनं येईल."

"मग उद्या घाल."

"माणसं आज जायचीत, उस्ताद! आणि पेडल दाबून तर बघा. दगड आहे दगड."

"आज दगडच असणार."

परशाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. सकाळी नळी बसवताना एक बाक चुकला होता. त्यानं तो सरळ केला, पुन्हा दिला. आधी लोण्यासारखी वाकलेली नळी त्या खेपेला बोटांना अडली. तांबं कडक झालं होतं. गाडीची थरथरही तिला असंच रोज थोडं थोडं वाकवणार, आणि कडक झालेलं तांबं एके दिवशी तडकणार... तो विचार परशानं तिथंच दाबला आणि वरून नट आवळला. नट आवळून विचार बसत असता तर काय हवं होतं.

उस्ताद उठले. लहूनं चहाचा ग्लास खाली ठेवला. म्हातारा आता पंजा टेकणार, असं सगळ्यांनाच वाटलं.

उस्ताद बॉनेटला वळसा घालून गेले, दार उघडलं, स्टेअरिंगवर बसले.

"ये. शेजारी बस."

"इंजिन चालू करायचं?" परशानं विचारलं.

"राहू दे."

परशा डावीकडे बसला. गाडी उभी. चाकांना धोंडे लावलेले. उस्तादांनी दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरलं आणि समोर बघायला लागले, अगदी रस्त्याकडे बघावं तसं.

"नाका गेला," ते म्हणाले. "उतार लागला."

परशा ओशाळून हसला. "उस्ताद, लोक बघतायत."

"गाडी भरलेली आहे. बाया मागं बसल्यात."

"हं..."

"भैरीचं वळण." उस्तादांनी स्टेअरिंग जरासं फिरवलं. "मी पेडल दाबलं. ब्रेकनं धरलं."

त्यांनी स्टेअरिंग पुन्हा सरळ केलं. "पुढं तुटका कठडा. समोरून उसाचा ट्रक. दाबलं. धरलं."

"म्हातारा लहान झाला काय?" टपरीवर कुणीतरी म्हणालं.

परशाच्या कानांत आता टपरी नव्हती. मागच्या चाकाजवळचा, दोनदा दिलेला तो बाक तेवढा डोळ्यांपुढे होता. पाठ सीटला रुतली होती. समोर धरलेल्या दांडीवरची बोटं पांढरी पडली होती.

"जांभळीचा उतार," उस्ताद हळूच म्हणाले. "सगळ्यात खडा. दाबतोय... दाबतोय, परशा..."

गाडी गचकन हलली. लहूला धीर धरवला नव्हता, त्यानं माणसं आणून मागं चढवायला घेतली होती. पहिली म्हातारी कोंबडा घेऊन आत आली.

"उतरा!" परशा ओरडला. "उतरा आधी! सगळे उतरा!"

"अगं बाई, काय झालं?" म्हातारी कोंबड्यासकट खाली उतरली.

लहू दारापाशी धावला. "डोकं फिरलं काय तुझं? ह्या बाया काय आज इथंच झोपतील?"

"झोपू देत. माझ्या गॅरेजात झोपू देत. गाडी उद्या जाईल."

"मघाशी तूच म्हणालास ना, दगड आहे म्हणून! मग आता काय झालं? गाडी जाग्यावरून हललीसुद्धा नाही!"

परशा उस्तादांकडे वळला.

"उस्ताद, तुम्ही तरी सांगा ह्याला. नळी वाईट आहे हे तुम्हाला कळलंय ना?"

उस्तादांनी स्टेअरिंग सोडलं. परशाच्या पायाकडे बघितलं. चप्पल निसटून बाजूला पडली होती. उजवा पाय गुडघ्यापासून ताठ, टाच वर, चवडा तळाच्या पत्र्यात रुतलेला. अजून दाबतच होता.

"परशा," ते म्हणाले, "तुझ्या बाजूला पेडल नाही."