बिजलीचा ताल

नवरदेव उघड्या मोटारीतून मिरवायला लागले, तशी इलाही मुलाणींची वरातीची घोडी बिजली दारातच बांधलेली राहिली. घरात बोलायलाही दुसरं कुणी नव्हतं. तिचे पाय आखडू नयेत म्हणून म्हातारा रोज तिला घाटरस्त्यावर फिरवून आणी.

एका सकाळी मागून कारखान्याचे चेअरमन रणधीरराव गाडी दामटत आले आणि हॉर्न दाबून बसले. झालं! बिजलीने मान वाकवली आणि रस्त्याच्या मधोमध नाचायलाच लागली. रणधीररावांनी चिडून आणखी वाजवला, तशी ती आणखी रंगात आली.

"ए म्हाताऱ्या, थांबव तिला! मी कोण आहे ठाऊक आहे का?" रणधीरराव खिडकीतून ओरडले.

"मला ठाऊक हाय की साहेब," इलाही अदबीने म्हणाले. "पण तिला तुम्ही बँडवाले वाटताय. वाजवणार तुम्ही, आन् थांबवू मी?"

चेअरमनांचा हात हॉर्नवरून खाली आला. बिजली थांबली, कडेला झाली, आणि गाडी मुकाट्याने, हळूहळू पुढे निघून गेली.

रस्ता पुन्हा सुना झाला. बिजली मात्र कान टवकारून त्या वळणाकडे बघत राहिली. इलाहींनी इकडेतिकडे पाहिलं, आणि तिच्या मानेवर बोटांनी हलकेच ताल धरला.