पिराजी आणि विम्याचे साहेब

एका गावात, एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात, एक भोळा शिपाई होता. पिराजी त्याचं नाव. सांगितलेलं काम तो कधी टाळत नसे. सगळी पंचाईत तिथंच होती.

या डॉक्टर सबनीसबाईंच्या हाताला गुण होता, पण त्यांच्याकडे विमा चालत नव्हता. त्यामुळे पेशंट नाडी दाखवायला बाईंकडे आणि ऑपरेशनला शहरात. अखेर विमा कंपनीनं कळवलं, आमचे साहेब येऊन डिग्री बघतील, दवाखाना बघतील, मग यादीत घेऊ.

"पिराजी," बाई म्हणाल्या, "यादीत नाव लागलं नाही तर दवाखान्याला कुलूप. मग तू जा मेव्हण्याच्या म्हशी राखायला."

पिराजीला त्या म्हशींची फार भीती. त्यातली एक तर त्याला ओळखून मारायची.

"ती भिंतीवरची डिग्री धूळ खातेय. लख्ख कर."

पिराजीनं फ्रेम उघडली, कागद बादलीत बुडवला आणि साबण लावून घासला. कागद असा लख्ख झाला की त्यावर बाईंचं नावसुद्धा उरलं नाही.

बाईंनी कपाळाला हात लावला. "नशीब, ती झेरॉक्स होती! अरे शहाण्या, मूळ जिन्नस कुलपात ठेवायचा आणि न्यायला येईल त्याला झेरॉक्स द्यायची. कळलं?"

"कळलं, बाई," पिराजी म्हणाला आणि त्यानं रुमालाला गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी ठकूआजीला घरी सोडायचं होतं. मुलगा न्यायला आला. पिराजीनं त्याच्या हातात एक कागद ठेवला. आजीच्या फोटोची झेरॉक्स.

"आणि आई कुठाय?"

"मूळ आई कुलपात हाय. ती आमी कुणाला देत न्हाई."

आतून आजी दार बडवत पिराजीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती.

बाईंनी पुन्हा कपाळाला हात लावला. "अरे, ज्याला काही दुखत नाही त्याला कोंडून काय लोणचं घालायचंय? हातात नारळ द्यायचा, रिक्षात बसवायचं, घरी पाठवायचं. कळलं?"

"कळलं, बाई." दुसरी गाठ.

गुरुवारी विम्याचे केळुसकरसाहेब आले. हातात बॅग, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट.

"सायेब, कुठं दुखतंय?"

"मला? छे, काही नाही."

पुढचं बोलायच्या आत साहेब नारळासकट रिक्षात होते. बाईंनी स्कूटर काढली आणि एस.टी. स्टँडवरून हातापाया पडून त्यांना माघारी आणलं. तोवर दवाखान्यात एक अडलेली बाळंतीण येऊन पडली होती. बाई तिच्याकडे धावल्या. जाताजाता पिराजीच्या कानात म्हणाल्या, "पाहुण्याला असं घालवतात होय रे? साहेब म्हणतील त्याला हो म्हणायचं!"

"कळलं, बाई." तिसरी गाठ.

साहेबांनी वही उघडली. "बाईंची मूळ डिग्री आहे ना?"

"व्हय."

"मग दाखव."

"व्हय." पिराजी जागचा हलेना.

साहेब वैतागले. "ऑपरेशनच्या खोलीत काय म्हशी बांधता?"

"व्हय."

"खोटी बिलं लावता?"

"व्हय, सायेब."

"आणि पेशंटना कोंडून ठेवता?"

"व्हय." हे एवढं मात्र खरं होतं.

साहेब लिहीत सुटले. तेवढ्यात बाई हात पुसत बाहेर आल्या. मुलगी झाली होती, बाळबाळंतीण सुखरूप होती. साहेबांनी लिहिलेलं वाचून दाखवलं. ऐकून बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"पिराजी, अरे माझ्या पोटावर पाय आणलास की रे! सारखं हो काय हो? नाही म्हणता येत नाही तुला? आता साहेब काहीही विचारोत, ठणकावून नाही म्हण!"

"कळलं, बाई." रुमालाला जागा उरली नव्हती, म्हणून ही गाठ त्यानं सदऱ्याच्या टोकाला मारली.

साहेब मनानं चांगले होते. आतून बाळाचं रडणं ऐकून तर ते अगदी विरघळले. त्यांनी लिहिलेल्यावर काट मारली. "जाऊ द्या बाई, माणूस साधा दिसतोय. एवढं एकच विचारतो आणि तुम्हांला यादीत घेऊन टाकतो. काय रे पिराजी, या बाई खऱ्या डॉक्टर आहेत ना?"

पिराजी छाती काढून उभा राहिला. या खेपेला चूक म्हणून करायची नव्हती.

"न्हाई, सायेब!"