लोदबारचे पेव

पेवाच्या तोंडावरची शिळा वस्तीबाहेरच्या माणसासाठी हलवायची नाही, हा लोदबारचा पहिला नियम होता, असे सांगतात. दुसरा नियम असा, की पहिल्याबद्दल विचारायचे नाही.

आता ते पेव चर्चच्या अंगणात उघडेच असते. पाहुणे आले की त्यांना आधी इथे आणतात. मुरमाड टेकाड, थोड्या बाभळी, कौलारू चर्च आणि अंगणाच्या मधोमध जमिनीत हे काळे तोंड, एका सडपातळ माणसाला जेमतेम उतरता येईल एवढे. खाली मात्र ते रांजणासारखे फुगत जाते. पूर्वी अशा पेवात ज्वारी भरत आणि वर शिळा ठेवून शेणमातीने लिंपून टाकत. पाहुणे वाकून बघतात, कोणी खडा टाकून आवाज ऐकतो आणि मग हमखास विचारतो, की वस्तीला हे कसले नाव?

नाव शास्त्रातले, म्हणजे बायबलातले आहे. यार्देन नदीपलीकडच्या एका गावाचे. शास्त्र आयुष्यभर वाचणाऱ्यालाही ते चटकन आठवत नाही. चारा नसलेली जागा, असा त्याचा अर्थ लावतात. शौल राजाचे घराणे बुडाले तेव्हा त्याचा दोन्ही पायांनी पांगळा नातू मफीबोशेथ तिथे माखीर नावाच्या माणसाच्या घरी आसरा घेऊन होता. पुढे दावीद राजाने त्याला बोलावणे धाडले आणि जन्मभर आपल्या पंगतीला बसवले.

ख्रिस्ती झाली म्हणून काही घरे खालच्या गावाने बाहेर काढली. पाणी बंद, काम बंद. ती माणसे या टेकाडावर चढली, कारण इथे गवतही उगवत नव्हते आणि म्हणून कोणी हक्क सांगायला येणार नव्हते. मिशनच्या उपदेशकाने पहिल्याच रविवारी त्यांना ही गोष्ट सांगितली, तेव्हा म्हणे बायका-पुरुष सगळे रडले. आपणच तो पांगळा, आपल्यालाच राजाचे बोलावणे आले आहे, असे त्यांना वाटले. वस्तीचे नाव त्या दिवशी पडले.

पहिल्या साली शिदू धनगर त्या बाजूने जात होता. त्याने आपल्या मेंढ्या या मुरमाडावर बसवल्या, लेंडीखताचा थर पडू दिला आणि जाताना बियाण्याची ज्वारी ठेवून गेला. त्याबद्दल त्याने काही मागितले नाही. तो पुन्हा कधी दिसलाही नाही. सुगी झाली, पेव खणले गेले आणि दरवर्षी उपकारस्तुतीचा सण होऊ लागला. त्या दिवशी केरूबा, वस्तीचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळींतला सर्वांत थोरला, पेवापाशी उभा राहून मफीबोशेथाची गोष्ट सांगे. राजाच्या पंगतीशी ती संपली, की तो लांबलचक प्रार्थना करी. ती इतकी लांब असे, की पोरे झोपी जात आणि कालवण निवून जाई.

सलोमी ही या केरूबाची पुतणी. आईबापामागे त्यानेच वाढवलेली. नगरला मिशनच्या शाळेत शिकली आणि दुष्काळाने वसतिगृह बंद पडले तेव्हा परत आली. वडीलमंडळी म्हणत, हिला शहराचं पाणी बाधलंय, तोंड मिटत नाही. पण पेवात उतरायला तीच लागे. वस्तीत तेवढी बारीक दुसरी कोणी नव्हती. शिकून एक फायदा झाला, अंगावर मांस चढलं नाही, असा टोमणा केरूबाही मारी.

संध्याकाळी तीच सगळ्यांना शास्त्र वाचून दाखवी. एकदा मफीबोशेथाची गोष्ट वाचून झाली आणि ती थांबली नाही. पुढे माखीर पुन्हा येतो, ती म्हणाली, पाने उलटून शोधू लागली. वडिलांपैकी एकाने हात वर केला. राजाच्या पंगतीला बसलो, आता आणखी काय राहिलंय, असे तो म्हणाला. बाकीचे हसले आणि उठले.

तो दुष्काळाचा दुसरा उन्हाळा होता. पेवात उरलेली ज्वारी वस्तीला पुढच्या सुगीपर्यंत कशीबशी पुरेल असा अंदाज होता. आणि एका सकाळी खालच्या गावची माणसे वर आली.  येऊन बाभळींखाली बसली. सर्वांत पुढे कोंडाबाई होत्या, पाटलाची आई. वस्तीतल्या प्रत्येकाला त्या ओळखीच्या होत्या. याच कोंडाबाईंनी केरूबाच्या बायकोला, ती पोटुशी असताना, विहिरीवरून परत लावले होते. मग ती ओढ्याचे गढूळ पाणी नेत राहिली आणि त्या पाण्याने केरूबाची धाकटी लेक गेली. पहिला नियम त्या थडग्यापाशीच ठरला होता. केरूबा दुष्ट माणूस नव्हता, हे इथले लोक पाहुण्यांना आवर्जून सांगतात.

त्याच दिवशी पेव उघडायचे होते. शिळा सरकवली, आतली कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत सगळे थांबले, मग दोरीला दिवा बांधून आत सोडला. दिवा विझला तर माणूस जगत नाही. तो तेवत राहिला, तेव्हा दोर धरून सलोमी उतरली आणि खाली जाऊन टोपले भरू लागली.

वर कोंडाबाई उठून केरूबासमोर आल्या. म्हणाल्या, "केरू, माझं राहू दे. सुना पोटुशा आहेत."

केरूबा म्हणाला, "आमचीबी होती, बाई. तवा तुम्ही काय म्हणालात, आठवतंय का?"

कोंडाबाईंना आठवत होते. त्या तिथेच मातीत बसल्या.

पहिले टोपले वर आले. केरूबा ते वस्तीच्या बायकांकडे सरकवणार, इतक्यात पेवातून आवाज आला. पेवातला आवाज घुमून येतो, दुरून बोलल्यासारखा, पण शब्द न् शब्द कळतो.

"काका, ते टोपलं कोंडाआजीपुढं ठेवा."

"तुला नियम ठाऊक आहे, सलोमे."

"ठाऊक आहे. का आहे तेही ठाऊक आहे. पण गोष्ट तुम्ही अर्ध्यात सोडली, ती ऐका."

आणि तळातूनच तिने ती सांगितली, असे म्हणतात. दाविदाचा मुलगा बापावर उठला. राजा जीव घेऊन पळाला, यार्देन ओलांडून रानात आला, बरोबरची माणसे भुकेने आणि तहानेने बसली. तेव्हा गहू, जव, हुरडा, मसूर, मध आणि अंथरुणे घेऊन जी माणसे धावून आली, त्यांत लोदबारचा माखीर होता. दावीद त्याचा सोयरा नव्हता. ज्या घराण्याचे पोर माखीराने जपले, ते घराणे बुडाले तेव्हाच दाविदाला गादी मिळाली होती. तरी माखीराने विचारले नाही, कोण कुठला. चारा नसलेल्या गावाने राजाला जेवू घातले.

"आपण नाव कुणाचं घेतलं, काका? पांगळ्याचं की माखीराचं? शिदूनं ज्वारी टाकली तेव्हा विचारलं होतं का, तुम्ही कुणाच्या मंडळीतले? दरवर्षी उपकार मानतो. कुणाचे मानतो आपण?"

एक वडील वाकून ओरडले, की दिवा मंद व्हायला लागला आहे, पोरी, आधी वर ये, मग बोलू. वर आल्यावर पुन्हा कोणीतरी हात वर करून तिला थांबवणार, हे तिला माहीत होते. केरूबाने दोर हलवला.  एक लेक त्याने या मातीत पुरली होती आणि दुसरी, लेकीसारखी वाढवलेली, आता त्याच मातीच्या तळाशी उभी होती.

"वर ये," तो म्हणाला.

"येत नाही," सलोमी म्हणाली. "टोपलं पोचल्याशिवाय येत नाही."

केरूबाने बोलायला तोंड उघडले. वस्तीत ज्याच्या प्रार्थनेला अंत नसे, त्या माणसाला एक शब्द सापडेना. त्याने दुसऱ्या वडिलांकडे पाहिले, त्याने तिसऱ्याकडे, आणि सगळे जमिनीकडे बघू लागले. त्या शांततेत कोणीतरी टोपले उचलून कोंडाबाईंपुढे ठेवले. कोणी, यावर लोदबारात एकमत नाही. प्रत्येक घर आपल्याच पणजोबाचे नाव सांगते.

ज्वारी पुरली, असे मात्र कोणी सांगत नाही. ती कमीच पडली. टेकाडावरचे आणि खालचे, दोघेही अर्धपोटी राहिले. पण त्या साली इथे नवे थडगे झाले नाही, असे सांगतात, आणि इथली म्हातारी माणसे हे सांगताना डोळे पुसतात.

आजही उपकारस्तुतीच्या दिवशी पंगत पेवाभोवती बसते. पहिली ताटे बाहेरून आलेल्यांची. कोण, कुठला, हे विचारत नाहीत. ती माणसे जेवत असतात तोवर वडीलमंडळी पेवाच्या कडेला ओळीने उभी राहतात, टोप्या हातात घेऊन. पाहुण्यांना वाटते, आता कोणी प्रार्थना म्हणेल. कोणीच काही म्हणत नाही.