दिसायला सारख्या

शिक्षणाधिकारी शेजवलकरांना शाळा तपासण्यापेक्षा मुलांना-शिक्षकांना घाबरवायला जास्त आवडे. कोपरवाडीत त्यांनी फळ्यावर दोन सारखे दिसणारे इंग्रजी शब्द लिहिले. एकाचा अर्थ वाळवंट, दुसऱ्याचा जेवणानंतरचा गोड पदार्थ. पुढच्या बाकावरच्या ईश्वरीने अर्थ उलटे सांगितले.

“एवढा फरक कळत नाही? बंद करा हा इंग्रजीचा वर्ग!” असं गरजत साहेब मागच्या बाकापाशी पोहोचले आणि थबकले. “तू इथे कधी आलीस गं?”

पोरं खुदखुदली. इंग्रजी शिकवणाऱ्या घोलपबाई म्हणाल्या, “साहेब, ही शर्वरी, ईश्वरीची जुळी बहीण. आम्हीही आधी फसायचो. रोजच्या सहवासाने ओळखू लागलो. हे शब्द तर मुलांना आजच भेटलेत.”

साहेब ओशाळले. “बरं, वर्ग चालू ठेवा. महिन्याने येऊन पुन्हा विचारीन.”

“या ना,” ईश्वरी म्हणाली, “पण आधी आम्हा दोघींना ओळखायचं!”