आठ वर्षांपूर्वीची खरखर

“किती घासलीस?”

शाल्मलीने हातातल्या पॉलिश पेपरची घडी केली.

“विचारतोय. किती?”

“थोडीच... म्हणजे, सकाळपासून.”

दस्तगीरचाचांनी मांडीवरच्या तंबोऱ्याची तार पुन्हा छेडली. टण्. आवाज निघाला आणि तिथंच पडला.

कालपर्यंत हाच तंबोरा एकदा छेडला की मिरजेतल्या त्या लहानशा कारखान्यात बराच वेळ गुंजत राहायचा. तारा ज्या घोडीवर टेकतात तिला वरून हलका उतार असतो. तार त्या उताराला घासत थरथरते, म्हणून ती गुंज. हा उतार चाळीस वर्षांपूर्वी चाचांच्या वडिलांनी दिलेला.

शाल्मलीने कानस घेऊन तो सपाट केला होता.

तंबोरा इंदुमतीबाईंचा. परवा सांगलीत त्यांचं गाणं. तीन वाजता न्यायला येणार होत्या. भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन.

“कुणी सांगितलं तुला हे?”

“कुणी नाही. तार खरखरत होती, चाचा. गिटारमध्ये तार कुठं लागली की तो दोष असतो. मला वाटलं...”

“अकरा महिने झाले तुला येऊन. अकरा महिने काय ऐकत होतीस?”

बाहेर रिक्षाने हॉर्न दिला. ती एवढी दचकली की हातातला पॉलिश पेपर खाली पडला.

“माझा कान चुकत नाही,” ती म्हणाली. आवाज उगाचच चढला होता. “खरखर मला लगेच कळते. सगळ्यांच्या आधी.”

“वा! पुण्याचा कान. कधीपासून असा झालाय?”

तिने पडलेला पेपर उचलला.

“सांग की.”

“आमचा बँड होता. चौघांचा. आमचीच गाणी, सिनेमातली नाहीत. आठ वर्षं झाली... एका जुन्या गोदामात शो होता. साठ-सत्तर माणसं, सगळी खाली बसलेली. शेवटचं गाणं अगदी हळू. नुसती माझी गिटार आणि मी. आणि तिसरी तार पट्टीला घासायला लागली. खर्र... खर्र...”

“मग?”

“थांबले. तार लावली, परत सुरू केलं. परत तेच. तीनदा थांबले मी. मागून कुणीतरी ओरडलं, ‘ताई, खरखरीसकट चालेल आम्हाला!’ सगळे हसले. मी गिटार ठेवली आणि मागच्या दाराने निघून आले. आमचा ड्रमवाला हृषीकेश, तो अजून बोलत नाही माझ्याशी.”

चाचांनी मान हलवली. रागावले होते की नव्हते, तिला कळेना. त्याचीच जास्त भीती वाटली.

“ते गाणं म्हण.”

“आत्ता?”

“जिथं थांबलीस तिथून पुढं.”

“चाचा, बाई येतील...”

“अजून दहा मिनिटं आहेत.”

तिने डोळे मिटले. सुरुवात गुणगुणली, नीट. त्या जागेपाशी आली आणि थबकली.

“पुढचं... आठवत नाही.”

“तुझंच ना गाणं?”

“माझंच.”

“मग आठवतंय काय तुला?”

“तारेची खरखर.”

चाचा मेलेला तंबोरा छेडू लागले. टण्. टण्. टण्.

“म्हण.”

“येत नाही.”

“येईल तसं म्हण.”

तिने म्हटलं. शब्द अर्धे, चाल कुठून तरी परत येणारी. दुसऱ्याच ओळीत आवाज चिरकला.

ती लगेच थांबली.

“सॉरी. परत घेते.”

चाचांनी बाजूची कानस उचलली आणि तिच्यासमोर धरली.

“घे.”

“कशाला?”

“खरखर तुझ्या गळ्यात आहे. घास.”

तिने कानशीकडे पाहिलं. हात पुढे गेला नाही. चाचाही हात मागे घेईनात.

बाहेर पायरीवर चपला वाजल्या.

शाल्मली ताडकन उठली. कारखान्याला मागे एक दार होतं, परसात उघडणारं. ती कधी तिथं पोचली, तिचं तिलाच कळलं नाही. कडीवर हात ठेवून तिने हळूच विचारलं, “काय सांगणार तुम्ही त्यांना?”

“मी? मी काय सांगू? मी घासलीय होय?”

“चाचा, मी जाऊ का...”

चाचांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. चष्मा काढून सदऱ्याला पुसत बसले.

इंदुमतीबाई आत आल्या. पदराने घाम टिपला, नेहमीच्या जागी बसल्या, तंबोरा जवळ ओढला. “झाला ना, दस्तगीरभाई? दोन दिवस चैन नाही पडलं मला याच्यावाचून.”

तार छेडली.

टण्.

बाईंचं बोट तसंच हवेत राहिलं. त्यांनी पुन्हा छेडली. मग वाकून घोडीवरून अंगठा फिरवला, कडेपासून कडेपर्यंत.

“हे कुणी केलं?”

चाचांनी चष्म्यावर फुंकर मारली.

“दस्तगीरभाई, मी विचारतेय. कुणी केलं हे?”

चाचा चष्मा पुसतच होते.

शाल्मलीचा हात अजून कडीवरच होता. कडी काढायला अर्धा क्षण पुरला असता.

“मी,” शाल्मली म्हणाली.

त्या एवढ्याशा शब्दातही आवाज फाटला. तिने तो परत घेतला नाही.

“मी घासली. दोष समजून. तुमची घोडी... चाचांच्या वडिलांच्या हातची होती ती, तशी आता होणार नाही. नवी बसवावी लागेल. चाचा सांगतील तशी बसवेन. परवापर्यंत इथून हलणार नाही मी.”

अख्खं बोलणं खरखरत गेलं, कुठं घोगरं, कुठं रडवेलं. ती मध्ये कुठंच थांबली नाही.

बाईंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग चाचांकडे वळल्या.

“ही मुलगी कधीपासून आहे तुमच्याकडे?”

चाचांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

“आजच आलीय, बाई.”