न गळणारी मडकी

माझं शुद्धलेखन कच्चं आहे, शाळा सातवीतच सुटली. चुका पोटात घाला. शब्दही साधेच आहेत.

नदीकाठच्या एका गावात पूर्वी एक कुंभार आणि त्याची बायको राहत. त्यांची एक मांजर होती. भट्टीच्या उबेला बसून बसून ती म्हातारी झाली होती.

कुंभाराचा एक नेम होता. नवं मडकं काठोकाठ भरून ठेवायचं, जेवून यायचं, आणि पाणी उतरलं नसेल तरच ते विकायचं. एका दुपारी पाहतो तर पाणी चार बोटं खाली. त्याने मडकं फोडून टाकलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

त्याने खाली हात फिरवला. जमीन कोरडी ठाक.

"अगं, मडकं गळतंय, पण खाली ओल नाही."

"मग पाणी काय वर गळालं?" बायको हसली.

कुंभाराला हसू येईना. माती तीच, भट्टी तीच. मग आपला हातच गेला की काय? चाकावर बसायची त्याला भीती वाटू लागली.

या गोंधळात मांजरीकडे कुणी पाहिलं नाही. ती उतरंडीवर चढेनाशी झाली होती. अंग चाटत नव्हती. एरवी भट्टीच्या राखेत जाऊन येणारी ती आता चुलीपाशीच लघवी करायची. "म्हातारपणी अक्कल गेली मेलीची," म्हणत बायको तिला झाडूने हुसकायची.

चौथ्या दिवशी कुंभार जेवायला न जाता दाराआड उभा राहिला. मांजर आली, मडक्यावर पाय टेकून पिऊ लागली. पीतच राहिली.

"चोर सापडला! झाक गं सगळी मडकी!" त्याचा जीव भांड्यात पडला.

मडकी झाकली, तर मांजर माती भिजवायच्या खड्ड्यातलं गढूळ पाणी पिऊ लागली. कुंभाराने तिला उचललं. ती रिकाम्या मडक्यासारखी हलकी लागली.

"हिला वैद्याकडे नेतो."

"अहो, आणि आजचा बाजार?"

"मडकी पुढच्या बाजारी खपतील."

गुरांच्या वैद्याने मांजरीचं पोट चाचपलं. "हिची मूत्रपिंडं थकलीत. मडकं टिचकी मारून पारखतोस ना? हिच्या पाठीवरून हात कधी फिरवलास?"

कुंभाराने तिच्या पाठीवरून हात फिरवला. मणका बोटांना लागला.

"पाणी तोडू नकोस. ती पुरती बरी होणार नाही, पण औषधाने सुखात राहील. आधी आणली असतीस, तर दिवस जास्त मिळाले असते."

कुंभाराने तिच्यासाठी एक बुटकं, रुंद तोंडाचं भांडं घडवलं. त्यातलं पाणी ती एक हिवाळा आणि अर्धा उन्हाळा प्यायली.

तात्पर्य: म्हाताऱ्या जनावराची सवय एकाएकी बदलली, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नये. आधी दुखणं शोधावं.

हे लिहिलं तेव्हा आमचा चौदा वर्षांचा बोका कोपऱ्यात बसला होता. पंधरा दिवस तो माझ्या उशाशी आला नव्हता. मी समजत होतो, रुसलाय. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर सुट्टी सांगितली, त्याला टोपलीत घातलं, आणि जनावरांचा दवाखाना उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसलो.