इंजिनाची एकादशी

फार पूर्वी, खाडीवर पूल नव्हता आणि कधी काळी तो होईल असं कोणाच्या मनातही नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ती ऐकावी आणि थोरांनी आठवून बघावी.

एका राज्याच्या कडेला एक रुंद खाडी होती. खाडीच्या अलीकडच्या तीरावर द्वारका नावाची बाई राहायची. तिचा नवरा गावाची तर, म्हणजे खाडी पार करून देणारी होडी, चालवायचा. माणसं, कोंबड्या, तांदळाची पोती, नव्या नवऱ्या, सगळं तो होडीत घालून पलीकडे पोचवायचा. होडीच्या मागच्या फळीला एक जुनं इंजिन टांगलेलं होतं. दोरी ओढली की ते आधी खोकायचं, निळा धूर सोडायचं आणि मग असा काही सूर धरायचं की दोन्ही तीरांवरच्या चुलीपुढच्या बाया म्हणायच्या, "निघाली तर."

द्वारका त्या इंजिनाला आपली सवत म्हणायची. "माझ्या डोक्याला कधी तेलाचं बोट लावलं नाहीत, हिला मात्र रोज," ती नवऱ्याला ऐकवायची. तो हसायचा आणि पुसत राहायचा.

त्याचं पुसणं बघण्यासारखं असे. पेट्रोल तो धोतराच्या जुन्या फडक्यातून गाळूनच टाकीत ओतायचा. संध्याकाळी इंजिनावरचं खारं पाणी धुऊन काढायचा. आणि पावसाळ्याच्या तोंडाशी, होडी वर ओढायच्या दिवशी, एक गोष्ट तो न चुकता करायचा. गोड्या पाण्याच्या पिंपात इंजिन उभं करून ते चालू करायचा आणि चालत्या इंजिनाची टाकीखालची तोटी बंद करायचा. कार्बोरेटरच्या, म्हणजे इंजिनाला थोडं थोडं पेट्रोल पाजणाऱ्या भागाच्या, वाटीत उरलेलं पेट्रोल संपत आलं की इंजिन धापा टाकायचं, अडखळायचं आणि आपणहून गप्प व्हायचं. मग तो टाकीही उपडी करून कोरडी करायचा.

"आज हिची एकादशी," तो म्हणायचा. "उपास सोडायचा तो नारळी पौर्णिमेला."

एका थंडीत तो आजारी पडला आणि गेला. शेवटी त्याचा श्वास अडखळत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. द्वारका उशाशी बसून ऐकत होती.

दिवसकार्य झाल्यावर गावाला वाटलं, आता तर बंद. पण द्वारकेनं पदर खोचला आणि दोरीला हात घातला. इतकी वर्षं बघून बघून तिला सगळं येत होतं. पेट्रोल गाळणं, तेल मिसळणं, धुणं, पुसणं, ती काहीच चुकली नाही. त्या आवाजात गेलेला नवरा तिला अर्धा दिवस तरी परत मिळायचा.

पाऊस जवळ आला. होडी वर ओढायचा दिवस आला. द्वारकेनं इंजिन पिंपात उभं केलं, चालू केलं आणि तोटी बंद केली. थोड्या वेळानं इंजिनानं पहिली धाप टाकली. मग दुसरी. मग ते थांबलं आणि पुन्हा आलं.

द्वारकेचा हात आपोआप तोटीकडे गेला. तिनं ती पुन्हा उघडली. इंजिन सावरलं, नीट चालू लागलं, तेव्हा कुठे तिनं बटण दाबून ते बंद केलं.

त्या गावात पावसाळ्याआधी सगळं भरून ठेवायची रीत होती. तांदळाची कणगी भरायची, मिठाची बरणी भरायची, लाकडं आढ्यापर्यंत रचायची. रिकामं काही ठेवायचं नाही. द्वारकेनं टाकीही काठोकाठ भरली. नवऱ्याची घोंगडी इंजिनाभोवती गुंडाळली आणि त्यावर थोपटून म्हणाली, "तुला नाही गो उपाशी ठेवायची मी."

पण पेट्रोल म्हणजे काही तांदूळ नव्हे. बाहेर पाऊस कोसळत राहिला आणि आत, त्या लहानशा वाटीत, पेट्रोल हळूहळू उडून गेलं. मागे राहिला तो चिकट गाळ.

द्वारकेचं त्या पावसात लक्ष दुसरीकडेच होतं. तिची एकुलती लेक मंजुळा पलीकडच्या तीरावर दिली होती. पहिलं बाळंतपण होतं आणि दिवस भरत आले होते. खाडी शांत झाली की पहिल्याच फेरीला लेकीला माहेरी आणायची, असं ठरलं होतं. द्वारकेनं मंजुळेचाच पाळणा धुऊन आढ्याला टांगला. जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली. रिकाम्या घरात बाळाचं रडणं ऐकू येईल, या एका गोष्टीवर तिनं सगळा पाऊस काढला.

नारळी पौर्णिमा आली. खाडीला नारळ वाहून द्वारका होडीत बसली. टाकीतल्या पेट्रोलला आंबूस वास येत होता, म्हणून तिनं ते काढून ताजं गाळून भरलं. वाटीत डोकवायचं मात्र तिला सुचलं नाही. दोरी ओढली. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. ओढून ओढून तिचे हात भरून आले, तेव्हा कुठे ते लागलं. तोवर भरतीचं थांबलेलं पाणी ओहोटीला लागलं होतं. पण पलीकडे लेक उभी होती. द्वारका निघाली.

जाताना इंजिन कुरकुरत का होईना, गेलं. परतताना, पलीकडचा तीर थोडा मागे पडतो न पडतो तोच, वाटीतला सुटलेला गाळ पेट्रोल जायच्या सुईच्या टोकाएवढ्या भोकात जाऊन बसला. इंजिन बंद पडलं. ओहोटी होडीला समुद्राच्या तोंडाकडे ओढू लागली. द्वारकेनं वल्ही घेतली, पण त्या जड होडीपुढे तिच्या हातांचं काही चालेना. मंजुळेनं होडीची कड घट्ट धरली.

"आये," ती म्हणाली, "पोटात दुखायला लागलंय."

पलीकडच्या तीरावर भिवा नावाचा म्हातारा राहायचा. तो आयुष्यभर वल्ह्यावर जगला होता आणि द्वारकेच्या नवऱ्याचा जुना दोस्त होता. आवाज मध्येच तुटलेला ऐकून त्यानं आपली लहान होडी पाण्यात लोटली. त्यानं दोर टाकला, दोन्ही होड्या जिवाच्या करारावर ओढल्या आणि आपल्याच तीराला लावल्या. ओहोटी उलटेपर्यंत खाडी पार करणं शक्य नव्हतं, आणि मंजुळेच्या कळा काही ओहोटीसाठी थांबणार नव्हत्या.

बाळ भिवाच्या झोपडीत जन्मलं, भिवाच्या बायकोच्या हातावर. मायलेकी सुखरूप होत्या. पण बारशापर्यंत बाळंतिणीला हलवू नये असं ठरलं. अलीकडच्या घरात पाळणा तसाच रिकामा लोंबत राहिला.

दुसऱ्या दिवशी भिवानं, दोस्ताला करताना बघितलं होतं तशी, इंजिनाची वाटी उघडली आणि द्वारकेपुढे धरली. तळाशी फणसाच्या चिकासारखा पिवळट थर बसला होता.

"वयनी, सवतीला भरल्या पोटी निजवलीस?"

द्वारका खाली बघत म्हणाली, "धापा टाकायला लागली, भावजी. मला ऐकवेना."

भिवानं वाटी पुसायला घेतली. मग हळूच म्हणाला, "तो तिला मारत नव्हता गो. झोपवत होता. पोटात ठेवलेलं सगळं अंगी लागतं असं नाही."

पुढच्या वर्षी पावसाच्या तोंडाशी द्वारकेनं इंजिन पिंपात उभं केलं. मंजुळा माहेरी आली होती. नात द्वारकेच्या कडेवर होती. तिनं तोटी बंद केली. पहिली धाप आली, दुसरी आली. द्वारकेनं एक हात इंजिनावर ठेवला आणि तो तोटीकडे जाऊ दिला नाही. सूर अडखळला, पुन्हा आला, पुन्हा अडखळला. मग सगळं शांत झालं. कडेवरची नातही ऐकता ऐकता झोपली होती.

"आज हिची एकादशी," द्वारका म्हणाली, आणि किती दिवसांनी तिला हसू आलं.

नारळी पौर्णिमेला एकाच ओढीत इंजिन लागलं. दोन्ही तीरांवरच्या बाया चुलीपुढून म्हणाल्या, "निघाली तर."

बोध: माया असली तरी सगळं भरून ठेवू नये; काही गोष्टी वेळेवर रिकाम्या केल्या तरच टिकतात.